मदत हवी आहे: बाबा आणि काका बोलत नाहीत, निरोप आमच्यामार्फत

एकत्र कुटुंब, माणसं नऊ, चूल एकच. बाबा आणि काका दोन वर्षं थेट बोलत नाहीत. निरोप मी किंवा चुलतभाऊ पोचवतो, वाटेत तिखटमीठ लागतंच. कारण वडिलोपार्जित शेतीची वाटणी. अडलंय आत्याच्या हिश्श्यावर. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना समान हक्क दिलाय हे दोघांनाही ठाऊक आहे, तेव्हा कायद्याचा सल्ला नकोय.

व्हॉट्सॲप ग्रुप काढला, तिथे नुसतं सुप्रभात. मामांना मध्ये घातलं तर काका म्हणाले, "ते तुमच्याच बाजूचे." आजी ८२ वर्षांची, तिच्यासमोर आवाज चढायला नको.

गणपतीत आत्या येतेय, दीडच दिवस. सगळ्यांना एकत्र बसवलं तर विषय आधी कोणी काढावा: मी, आत्या की आजी?