'रिस्ट्रिक्टेड' पिस्तूल: निर्बंधित, प्रतिबंधित की निषिद्ध?

मेधा_ब्रॅम्प्टन
कॅनडातल्या मराठी मंडळींसाठी इथल्या बंदूक-कायद्याचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. त्यात एक प्रश्न आहे: रिस्ट्रिक्टेड, म्हणजे वेगळा परवाना आणि नोंदणी लागणाऱ्या वर्गातल्या, पिस्तुलाला खांद्याला टेकवायचा दस्ता जोडला आणि त्याची आखूड नळीची रायफल केली, तर कायद्याच्या लेखी ते पिस्तूलच राहतं की रायफल होते? उत्तर माझ्याकडे आहे, अडलंय ते शब्दांवर. रिस्ट्रिक्टेडला मी 'निर्बंधित' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी खोडून 'प्रतिबंधित' केलं, कारण म्हणे निर्बंधित कोणी बोलत नाही. पण प्रतिबंधित म्हटलं की आपल्याला गुटखा आठवतो, म्हणजे सरळ बंदी. आणि कायद्यात 'प्रोहिबिटेड' हा वेगळा वर्ग आहेच. १०५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळीचं पिस्तूल त्यात जातं. दोन्हींना एकच शब्द वापरला तर वाचणारा गोत्यात येईल. काय लिहावं?

वकील_रत्नागिरी
मेधाताई, 'प्रतिबंधित' म्हणजे सरळ बंदी, हे कोर्टकचेरीत तितकं खरं नाही. आपल्याकडे परवान्यावर पीबी आणि एनपीबी असतं. पीबी म्हणजे प्रोहिबिटेड बोअर (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास), मराठी कागदांत 'प्रतिबंधित बोअर'; एनपीबी म्हणजे तसं नसलेलं. तरीही त्याचा परवाना केंद्राकडून मिळू शकतो. म्हणजे 'सहसा नाही, पण वरून परवानगी आणलीत तर हो'. तुमचे तपासनीस अगदीच चुकलेले नाहीत.

भाषाव्रती
प्रोहिबिटेडला 'निषिद्ध', रिस्ट्रिक्टेडला 'नियंत्रित'. प्रश्न मिटला. पण मुळात पिस्तूल, रायफल, दस्ता हे परके शब्द कशाला? पिस्तुलाला 'लघुनालिका' आणि रायफलला 'दीर्घनालिका' म्हणा. महापौर आणि दिनांक हे शब्दही एके काळी लोकांना जड वाटत होते.

सावंतवाडीकर
आमच्या गावात ठासणीची बंदूक आणि काडतुसाची बंदूक, एवढे दोनच प्रकार. शेतीसंरक्षणाचा परवाना, माकडं आणि रानडुकरं हाकलायला. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. आजोबा तिला 'परवान्याची' म्हणत, बाकी सगळं 'चोरटं'. रिस्ट्रिक्टेडला 'परवान्याचं पिस्तूल' का नको? लोकांना पटकन कळेल.

मेधा_ब्रॅम्प्टन
इथे साध्या शिकारी बंदुकीलाही परवाना लागतो. रिस्ट्रिक्टेडला परवाना वेगळा आणि शिवाय हत्याराची नोंदणी. त्यामुळे 'परवान्याची' म्हटल्याने फरक कळणार नाही.

भाषाव्रती यांना: लघुनालिका वाचून माणूस पाइपलाइनचं पत्रक समजेल. हे पत्रक चुकीचं समजलं तर कोणाला तरी तुरुंग आहे, तेव्हा माफ करा, प्रयोगाला ही जागा नाही.

जर्सीवाला
'आखूड नळीची रायफल' हा वर्ग अमेरिकी कायद्यातला. नळी १६ इंचांहून आखूड किंवा एकूण लांबी २६ इंचांहून कमी असलेली रायफल. १९३४ च्या कायद्याने त्यावर २०० डॉलर कर आणि केंद्रीय नोंदणी लावली. १ जानेवारी २०२६ पासून कर शून्य झाला, नोंदणी मात्र आहे.
शब्दाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही की इथे रायफल ठरते खांद्यावरून. खांद्याला लावून झाडण्यासाठी बनवलेली, ती रायफल. नळीतले पीळदार आटे तर पिस्तुलातही असतात. त्यामुळे आखूड नळीच्या पिस्तुलाला दस्ता जोडला, की ते कायद्याने नवं हत्यार 'बनवणं' होतं. १९९२ च्या थॉम्पसन/सेंटर खटल्यात सगळा वाद या 'बनवणे' क्रियापदावरच होता. कंपनी १० इंची नळीचं पिस्तूल विकत होती आणि त्यासोबत २१ इंची नळी आणि दस्ता यांचा संच. सुटे भाग जोडून कायदेशीर लांब रायफल होई, पण दस्ता आणि मूळची आखूड नळी जोडली तर बेकायदा आखूडही होई. मग नुसता संच विकणं म्हणजे आखूड रायफल बनवणं का? सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. न्या. सूटर यांचं म्हणणं, कायदा संदिग्ध आहे, तेव्हा त्याचा अर्थ नागरिकाच्या बाजूने लावायचा.

वकील_रत्नागिरी
हा 'संशयाचा फायदा'.

जर्सीवाला
नाही हो वकीलसाहेब! संशयाचा फायदा पुराव्याबद्दल असतो: गोळी याने झाडली की नाही. इथे घडलं काय याबद्दल कोणाचाच वाद नव्हता, शंका होती कायद्याच्या वाक्याबद्दल.

वकील_रत्नागिरी
तत्त्वतः मान्य. पण तालुक्याच्या कोर्टात 'संदिग्धतेचा फायदा' असं म्हटलं तर समोरचा विचारेल, हे कुठलं कलम? रुळलेला शब्द थोडा ताणला तर बिघडत नाही.

भाषाव्रती
बिघडतं. रुळलेला शब्द ताणूनच मराठीची धार गेली आहे.

मेधा_ब्रॅम्प्टन
माझा प्रश्न कॅनडाचा आहे आणि इथे उत्तर अमेरिकेच्या उलट आहे. इथल्या फौजदारी संहितेत हँडगनची (म्हणजे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर वगैरेंची) व्याख्याच अशी: एका हाताने नेम धरून झाडण्यासाठी बनवलेलं हत्यार, मग पुढे ते दोन्ही हातांनी झाडता यावं म्हणून बदललं असलं तरीही. म्हणजे दस्ता जोडा, काहीही करा, ते हँडगनच. २१ ऑक्टोबर २०२२ पासून सामान्य माणसाला हँडगन विकत घेणं, विकणं, दुसऱ्याच्या नावावर करणं बंद आहे, डिसेंबर २०२३ मध्ये ते कायद्यातच आलं. 'आता ही रायफल झाली, विकून टाकतो' असं कोणी समजला तर संपलंच.
म्हणून मला 'रूपांतर' नकोय. रूपांतर म्हटलं की रूप बदललं हे आपण आधीच कबूल करून बसतो. अमेरिकेसाठी ते चालेल. इथे 'फेरफार' हवं.

सावंतवाडीकर
फेरफार म्हटलं की मला तलाठी आणि सातबारा आठवतो. तिथे तर फेरफार झाला की मालक बदलतो!

वकील_रत्नागिरी
फेरफार चांगला आहे. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ मध्ये नळी आखूड करायला परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका वर्गातलं हत्यार दुसऱ्या वर्गात बदलणंही त्यात आलं. आमच्याकडे पंचनाम्यात मात्र 'भारतीय हत्यार कायदा' आणि 'गावठी कट्टा' हेच शब्द. अग्निशस्त्र कोणी लिहीत नाही.

शब्दवेडी
पिस्तूल या शब्दाचं मूळ चेक भाषेतल्या 'पिश्ताला'त आहे असं मानतात. पिश्ताला म्हणजे नळी, पावा. काही जण इटलीतल्या पिस्तोया गावाशी नातं जोडतात, मला पावा जास्त पटतो. म्हणजे भाषाव्रतींची नालिका पिस्तुलात आधीच बसलेली आहे. आणि १९०९ साली नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग 'पिस्तूल'च. निदान तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी हाच शब्द आहे, तो परका कसा? आणखी एक: पिस्तूल 'झाडतात', बंदुकीचा 'बार काढतात'. पिस्तुलाचा बार काढला असं मी तरी ऐकलेलं नाही.

सावंतवाडीकर
आमच्याकडे बार 'उडवतात' पण. आणि ठासणीच्या बंदुकीच्या लाकडाला दस्ता नाही, 'कुंदा' म्हणतात.

जर्सीवाला
कुंदा हिंदी आहे.

सावंतवाडीकर
दस्ता फारसी आहे, मग तो कसा चालतो?

मेधा_ब्रॅम्प्टन
पत्रक शुक्रवारी छपाईला जातंय. 'निर्बंधित' आणि 'निषिद्ध' ठेवते आहे, पहिल्याच पानावर दोन्हींचा अर्थ देऊन. दस्त्याबद्दल अजून कोणाला काही म्हणायचं असेल तर उद्यापर्यंत सांगा.

भाषाव्रती
'नियंत्रित' का नको, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.