दंड दहा हजार करा म्हणे! पण पावती फाडणार कोण?

खाडीकाठचा: सकाळी एकाची पोस्ट वाचली: "लाइफ जॅकेट नसेल तर बोटवाल्याला जागेवर दहा हजार दंड, सगळे सुतासारखे सरळ येतील." बाबा रे, पावती फाडणार कोण? राज्याचा किनारा सातशे किलोमीटरच्या वर. आमच्याकडे परवाने, सर्व्हे म्हणजे होडीची तपासणी, प्रवासी मोजणं, वादळाचा बावटा लागला की होड्या थांबवणं, सगळं एकाच बंदर निरीक्षकाच्या गळ्यात. दिवाळीत डोळ्यांनी पाहिलं, साहेब तपासणीला निघाले ते ज्याची तपासणी त्याच्याच होडीतून. डिझेलही त्याचंच. आता ते जॅकेटं मोजतील?

सदाशिव_पेठी: पोस्ट माझीच. म्हणजे भरती होईपर्यंत लोकांनी बुडायचं? तारकर्ली, मे 2022, दोघे गेले. उजनी धरण, मे 2024, सहा. दर वेळी तेच रडगाणं, स्टाफ नाही.

तांडेल: आणि घारापुरीला जाणारी नीलकमल? 18 डिसेंबर 2024 ला तिच्यावर नौदलाची बोट येऊन धडकली, इंजिनाची चाचणी चालू होती. तिथे दंड कोणाला करणार होतात? ऊठसूट होडीवाल्यालाच धरा.

खाडीकाठचा: नीलकमलचा परवाना 84 प्रवाशांचा, आत शंभरावर. ते धक्क्यावर मोजायला माणूस नको?

रापणवाला: होड्यो मोजा. मासे ओढूक लावलेल्या एलईडी दिव्यांनी रातचो समुद्र दिवाळीसारखो पेटता, तो कोणाक दिसना नाय? आमची जाळी रिकामी.

सदाशिव_पेठी: धागा पर्यटकांच्या बोटींचा आहे हो!

रापणवाला: दोनीकडे गस्त घालणारोच नाय, तर धागो येगळो कसो? पर्ससीनवाल्यांचो, म्हणजे मोठा जाळा वेढून अख्खो थवो उचलणाऱ्यांचो, दंड 2021 त लाखांत नेलो. थांबले?

तांडेल: सगळे पर्ससीनवाले चोर नाहीत. तुम्ही लोकांनी आमचं...

रापणवाला: 'तुम्ही लोक' कोणाक म्हणतंस?

खाडीकाठचा: अरे थांबा दोघेही! पण रापणवाल्याने मुद्दा बरोब्बर मारलाय. दंड वाढवायला कागद लागतो, वसूल करायला बोट, डिझेल आणि माणूस. तिकिटामागे पाच रुपये घ्या, त्यातून गस्ती बोट चालवा.

तांडेल: म्हणजे पुन्हा आमच्याच खिशात हात. विमा, सर्व्हे, परवाना भरून हंगाम जेमतेम आठ-नऊ महिन्यांचा.

सदाशिव_पेठी: बरं, आधी माणूस, मग दंड. मान्य, वाजवा टाळ्या. पण जॅकेट मागितल्यावर "काय होत नाय ओ" म्हणणाऱ्याचं काय करू?

खाडीकाठचा: होडीतून उतरा, पैसे परत मागा. मी एकदा उतरलो होतो. पैसे नाही मिळाले.