मदत हवी आहे: 1841 ला होबार्टला उतरलेली कैदी बाई, पुढे गेली कुठे?

नमस्कार मंडळी, माझं सासर टास्मानियाचं, नवऱ्याच्या आजीची पणजी 1841 ला 'राजा' जहाजातून कैदी म्हणून होबार्टला आली (ज्या जहाजावर बायकांनी ती गोधडी शिवली, आता कॅनबेराच्या गॅलरीत आहे, तेच). अर्काइव्हच्या साइटवर तिचं कंडक्ट रेकॉर्ड (कैद्याच्या वागणुकीची नोंद) मिळालं, मालकिणीला उलट बोलली म्हणून कॅस्केड्स फीमेल फॅक्टरीत (म्हणजे कैदी बायकांच्या तुरुंगात) धुणं धुवायची शिक्षा, वाचून मला तर बाई आवडलीच! पण शिक्षा संपल्यावर पत्ताच नाही. कैद्यांच्या लग्नाच्या परवानगीच्या रजिस्टरमध्ये आडनावाचं स्पेलिंग बदलून शोधू का, की 1851 नंतर सोन्याच्या मागे समुद्रापलीकडच्या व्हिक्टोरियात गेली असेल? लॉन्सेस्टनहून सुटणाऱ्या बोटींच्या याद्या कोणी चाळल्यात का? आणि रेकॉर्डमधलं ते किरटं अक्षर लागणारं कोणी आहे का इथे?