मदत हवी आहे: भाचीचा यूकेचा स्टुडंट व्हिसा, आजीची एफडी आणि तिचं चित्रांचं काम

नमस्कार मंडळी,

माझ्या भाचीला शेफील्डच्या एका विद्यापीठात ग्राफिक डिझाइनच्या एमएसाठी प्रवेश मिळाला आहे. कोर्स सप्टेंबर २०२६ ते सप्टेंबर २०२७. बहीण आणि मेव्हणे कळव्याला राहतात, मी चरईत. आमच्या घरातून शिकायला बाहेर जाणारी ही पहिलीच मुलगी, त्यामुळे ज्याला हक्काने विचारावं असं ओळखीत कोणी नाही.

ठाण्यातल्याच एका कन्सल्टन्सीकडे कागदपत्रांचं काम दिलं आहे. तिथे सांगितलेल्या तीन गोष्टी मला पटत नाहीत, म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट पैशांची. मेव्हणे रबाळ्याच्या कंपनीतून निवृत्त झाले. त्यांचे पीएफचे पैसे खात्यात आहेत, पण ते कमी पडतात. उरलेली रक्कम माझी आई, म्हणजे भाचीची आजी, देणार आहे. ती आजीच्या नावावर एफडीत आहे. कन्सल्टन्सी म्हणते, आजीचं स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र जोडा, काम होईल. यूके सरकारच्या संकेतस्थळावर मी वाचलं त्यात विद्यार्थी स्वतः, आईवडील, कायदेशीर पालक, जोडीदार एवढेच दिसतात. आजी कुठेच नाही. मग प्रतिज्ञापत्राने काय होणार?

दुसरी गोष्ट, ‘आठवड्याला २० तास काम करता येतं, त्यात फीचा दुसरा हप्ता निघतो’ असं ते खात्रीने सांगतात. मी हिशोब मांडला. २१ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी तिथलं किमान वेतन एप्रिल २०२६ पासून तासाला १२.७१ पौंड आहे. २० तासांचे झाले २५४ पौंड, महिन्याला साधारण ११००. व्हिसासाठी लंडनबाहेर राहण्याचा खर्च सरकारच महिन्याला १,१७१ पौंड धरतं. म्हणजे वर्षातला एकही आठवडा न चुकता पूर्ण २० तास मिळाले, तरी राहणं-जेवणं भागत नाही. फी कशातून निघणार? की माझं काही राहून जातंय?

तिसरी गोष्ट भाचीच्या सगळ्यात जिव्हाळ्याची. कॉलेजात असल्यापासून ती लहान मुलांच्या पुस्तकांसाठी आणि एका मासिकासाठी चित्रं काढते. महिन्याला थोडेफार पैसे येतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन-तीन प्रकाशक आता तिला नावाने ओळखतात. तिला हे काम तिथून लॅपटॉपवर चालू ठेवायचं आहे. कन्सल्टन्सी म्हणते, ‘ग्राहक भारतातले, पैसे भारतातल्या खात्यात, यूकेला काय कळतंय?’ कळण्या न कळण्याचा प्रश्न मला नकोच आहे. नियमात बसतं का, तेवढं सांगा. पोरीने एवढी मेहनत करून मिळवलेला प्रवेश अशा कारणाने धोक्यात यावा असं आम्हाला वाटत नाही.

ज्यांची मुलं गेल्या वर्ष-दोन वर्षांत गेली आहेत त्यांनी कृपया लिहावं.

खाडीपलीकडची:

दादा, माझी मुलगी गेल्या वर्षी ऐरोलीहून लीड्सला गेली. तुमची शंका बरोबर आहे. आजीच्या प्रतिज्ञापत्रावर अजिबात विसंबू नका.

आजींनी एफडी मोडून रक्कम तुमच्या बहिणीच्या किंवा थेट भाचीच्या खात्यात वळवायची. आईने मुलीला किंवा आजीने नातीला दिलेल्या पैशांवर घेणाऱ्याला आयकर लागत नाही, तरी साधं बक्षीसपत्र करून ठेवा, म्हणजे एवढी रक्कम अचानक कुठून आली याचं उत्तर हाताशी राहील. मग ते पैसे सलग २८ दिवस खात्यात पडून हवेत. या दिवसांत शिल्लक एक दिवसही ठरलेल्या रकमेच्या खाली जाता कामा नये. आमच्या इमारतीतल्या एका मुलाच्या वडिलांच्या खात्यातून मधेच गृहकर्जाचा हप्ता कापला गेला आणि त्यांना २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले. म्हणून शक्य असेल तर ज्या खात्यातून काहीच आपोआप वळतं होत नाही असं खातं वापरा. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांतली हवी.

किती रक्कम? पहिल्या वर्षाची न भरलेली फी, अधिक ९ महिन्यांचे १०,५३९ पौंड. भरलेली फी कॅसवर, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी प्रवेशाची जी खातरजमा देतं तिच्यावर, नोंदवून घ्या, तेवढी वजा होते. पौंडाचा भाव रोज हलतो, तेव्हा काठावर राहू नका, थोडी जास्तच ठेवा. शेअर धरत नाहीत. एफडी चालते, पण ती केव्हाही मोडता येणारी हवी आणि नाव वर सांगितलेल्यांपैकीच हवं.

याशिवाय तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचा आरोग्य अधिभार आहे. एक वर्षाच्या मास्टर्सला साधारण १६ महिन्यांचा व्हिसा मिळतो, त्याचे १,१६४ पौंड अर्ज करतानाच भरावे लागतात. टीबीची तपासणी त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्रातच करायची. हे दोन्ही खर्च आम्हाला कोणी आधी सांगितले नव्हते, म्हणून लिहिलं.

पारसिकचा पायथा:

मी स्वतः मागच्या वर्षी मास्टर्स संपवलं, आता ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे शिक्षण संपल्यावर तिथे राहून काम करण्यासाठी मिळतो त्या व्हिसावर, नोकरी करतो. काका, चित्रांच्या कामाबद्दल: नाही चालत. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे आणि फ्रीलान्सिंग त्यातच येतं. ग्राहक कुठला, पैसे कुठल्या खात्यात, याला अर्थ नाही. काम करताना ती यूकेत बसलेली आहे, हे पाहिलं जातं. अगदी भारतातल्या कंपनीची पगारी नोकरी तिथून केली तरी ते तास २० मध्येच मोजले जातात. नियम मोडल्याचं विद्यापीठाला कळलं तर त्यांना ते तिथल्या सरकारला कळवावं लागतं आणि व्हिसा रद्द होऊ शकतो.

तिला सांगा, निराश होऊ नकोस. ग्रॅज्युएट व्हिसावर स्वयंरोजगार चालतो. तोपर्यंत प्रकाशकांना आधीच कळवून ठेवलं की वर्षभर काम घेणार नाही, तर चांगले प्रकाशक थांबतात. तिचा स्वतःचा सराव, स्वतःची वही, हे तर कोणी थांबवत नाही.

आता २० तासांबद्दल, कारण इथेच सगळे फसतात. आठवडा सोमवार ते रविवार. या आठवड्यात १२ केले म्हणून पुढच्यात २८, असं जमत नाही. दोन नोकऱ्या असतील तर दोन्ही मिळून २०. बिनपगारी काम केलं तरी तेही त्यातच. आणि उन्हाळा! पदवीच्या मुलांना उन्हाळ्याची सुट्टी असते, तेव्हा ती पूर्णवेळ काम करतात. मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा प्रबंधात जातो आणि बहुतेक विद्यापीठं तो शिकण्याचाच काळ धरतात. म्हणजे जून ते सप्टेंबरही २० तासच. तुमच्या कन्सल्टन्सीने बहुधा उन्हाळ्याची पूर्णवेळ कमाई हिशोबात धरली असावी. विद्यापीठाकडून टर्मच्या तारखांचं पत्र घ्या, नोकरी देणारेही तेच मागतात.

तुमचा हिशोब मला पूर्ण पटला. उलट सुरुवातीचे दोन महिने काम मिळेलच असं धरू नका. मला नाताळच्या तोंडावर मिळालं, तोवर घरच्या पैशांवरच होतो.

अजून एक. ग्रॅज्युएट व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना १८ महिनेच मिळणार आहेत. तिचा कोर्स २०२७ मध्ये संपतोय, म्हणजे तिला १८ महिने. कोणी ‘दोन वर्षं मिळतील’ म्हटलं तर त्यावर कर्जाचे हप्ते आखू नका.

धागाकर्ता:

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री बहिणीकडे बसून सगळं वाचून दाखवलं. एफडी मोडायला आई लगेच तयार झाली. रक्कम बहिणीच्या नव्या खात्यात जाईल, त्याला कुठलाही हप्ता जोडलेला नाही. फीचा दुसरा हप्ता भाचीच्या कमाईवर सोडायचा नाही, त्यासाठी शैक्षणिक कर्ज घ्यायचं ठरलं. भाचीला चित्रांचं ऐकून वाईट वाटलं, पण हातातली दोन पुस्तकं जाण्याआधी संपवते म्हणाली.

एक शेवटची शंका. बहिणीच्या खात्यातले पैसे दाखवायचे तर भाचीचा जन्मदाखला लागेल ना? आमच्याकडचा महापालिकेचा जुना दाखला फक्त मराठीत आहे.

खाडीपलीकडची:

हो, जन्मदाखला लागतो. सोबत ‘हे पैसे मुलीच्या शिक्षणासाठी वापरायला माझी संमती आहे’ असं आईचं सही केलेलं पत्र. मराठी दाखल्याला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. त्याआधी महापालिकेच्या नागरी सुविधा केंद्रात मराठी-इंग्रजी दोन्हीतला नवा दाखला मिळतो का विचारा. आणि दाखल्यावर बहिणीचं नाव पासपोर्ट आणि बँकेतल्या नावाशी जुळतं का ते आजच पाहा, माहेरचं नाव निघालं तर विवाह नोंदणीचा दाखलाही जोडा.