मदत हवी आहे: बारा शब्द बरोबर आहेत, तरी बिटकॉइन वॉलेट शून्य दाखवतंय

मंडळी, बिटकॉइनची नीट माहिती असणाऱ्यांची मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते.

माझा थोरला भाऊ मागच्या आषाढात अचानक गेला. त्याच्या कपाटात एक वही सापडली. तीत इंग्रजी बारा शब्द, प्रत्येकापुढे क्रमांक, खाली ३ या आकड्याने सुरू होणारा लांबलचक पत्ता आणि 'मे २०१८' अशी नोंद. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने क्रिप्टोवाल्यांना सेवा देऊ नका असं परिपत्रक बँकांना काढलं, तेव्हा त्याने एक्स्चेंजवरचे (खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरचे) बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून घेतले, एवढं वहिनीला आठवतं. ते ॲप ज्या फोनवर होतं तो कधीच बिघडून गेला.

वहीतला पत्ता ब्लॉक एक्सप्लोररवर (कुठल्याही पत्त्यावरची शिल्लक दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) टाकला तर तिथे ०.०३८ बिटकॉइन आजही दिसतात. म्हणजे बिटकॉइनच्या सर्वांत छोट्या एककात ३८ लाख सातोशी. मग मी फोनवर नवीन वॉलेट घेतलं, 'जुनं वॉलेट परत आणा' निवडून बारा शब्द भरले. ॲपने ते निमूट घेतले, पण शिल्लक शून्य. शिवाय तिथले सगळे पत्ते 'बीसी१क्यू'ने सुरू होतात, ३ ने एकही नाही.

प्रायव्हेट कीपासून पत्ता तयार होतो असं वाचलं आहे. मग शब्द तेच असताना पत्ते वेगळे कसे? सातवा शब्द पुसट आहे, तो मी चुकीचा वाचला असेन का? माझ्या दोन भाच्यांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

आणखी एक. दुसरीकडे हाच प्रश्न विचारला तर एकाने खाजगी निरोप पाठवला, 'शब्द पाठवा, मी काढून देतो.' उत्तर दिलेलं नाही.

पहिला प्रतिसाद

ताई, भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. त्या माणसाला उत्तर दिलं नाहीत हे फार बरं केलंत. ते शब्द ज्याच्या हाती, पैसे त्याचे. ना बँक, ना तक्रार खिडकी, गेलेले परत येत नाहीत. इथेही कुणाला देऊ नका, मलासुद्धा नाही.

आता मूळ प्रश्न. बिटकॉइन ॲपमध्ये नसतातच, ते ब्लॉकचेन नावाच्या सार्वजनिक साखळीवरच्या नोंदीत असतात. तुमच्याकडे असते ती फक्त सही करायची ताकद. प्रायव्हेट की म्हणजे २५६ बिटांची एक प्रचंड संख्या. तिच्यापासून पब्लिक की निघते, पब्लिक कीवर हॅश नावाची गणिती प्रक्रिया चालवून पत्ता. ही वाट एकाच दिशेची आहे. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तसं पत्त्यावरून की काढता येत नाही. म्हणून पत्ता चारचौघांत दिला तरी पैसे सुरक्षित राहतात.

बारा शब्दांतून एकच की निघत नाही, अख्खी वंशावळ निघते. मूळ पुरुष एक, पण शाखा अनेक, आणि कोणत्या शाखेत उतरायचं ते ॲप ठरवतं. ४४ क्रमांकाच्या शाखेवर १ ने सुरू होणारे पत्ते असतात, ४९ वर ३ ने, ८४ वर 'बीसी१क्यू'ने. २०१८ च्या सुमारास बरीच वॉलेट ४९ वापरायची, आजची बहुतेक थेट ८४ वर जातात. तुमचं ॲप दुसऱ्याच शाखेत शोधतंय असं मला वाटतं. इलेक्ट्रम किंवा स्पॅरोसारखं वॉलेट घ्या, शब्द भरताना ते 'बिप ३९' प्रकारचे (अशा शब्दांची प्रचलित पद्धत) आहेत असं सांगा आणि शाखा ४९ निवडा. दोन्ही वॉलेट त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा, नकली फार आहेत.

तरीही पत्ता जुळला नाही तर दोन शक्यता उरतात. भावाने शब्दांवर वेगळा पासफ्रेज (जोडीचा गुप्त शब्द) लावला असेल, किंवा तो पत्ता अनेक सह्यांचा, म्हणजे पैसे काढायला एकाहून जास्त कींची सही लागणारा असेल. पासफ्रेज चुकला तरी ॲप चूक दाखवत नाही, निमूट वेगळं रिकामं वॉलेट उघडतं.

दुसरा प्रतिसाद

सातव्या शब्दाची भीती बरीच कमी करता येईल. हे शब्द एका ठरलेल्या यादीतूनच येतात; त्या यादीत एकूण २०४८ शब्द आहेत आणि कुठल्याही दोघांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. त्यामुळे चार अक्षरं लागली की शब्द पक्का. शिवाय शेवटच्या शब्दात ताळा दडलेला असतो. एखादा शब्द चुकला तर साधारण सोळापैकी पंधरा वेळा ॲप शब्द नाकारतं.

धागाकर्ती

जुळला! शाखा ४९ घेतली आणि यादीतला चौथा पत्ता तोच निघाला. वहिनीने वही आणि स्क्रीन शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटाने तपासलं, मग बराच वेळ काही बोलली नाही.

सगळं हलवायच्या आधी ०.००१ बिटकॉइन पाठवून पाहिले. ते पोचले, पण आता वहीतला पत्ता एक्सप्लोररवर शून्य दाखवतोय. उरलेले कुठे गेले? हात थरथरतायत.

पहिला प्रतिसाद

घाबरू नका, कुठे गेले नाहीत. बिटकॉइनमध्ये आलेली रक्कम अख्खी मोडावी लागते. पाचशेची नोट दिली की सुटे परत येतात ना, तसंच. फी वजा जाऊन उरलेले सुटे वॉलेटने आपल्याच दुसऱ्या पत्त्यावर घेतले, आणि त्याची कीही त्याच बारा शब्दांतून निघते. ॲपमधली एकूण शिल्लक बघा. आणि हे शब्द आता इंटरनेटवरच्या फोनमध्ये भरले गेलेत, तेव्हा वहिनींच्या नावे हार्डवेअर वॉलेट (की इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं उपकरण) घ्या, नवे शब्द कागदावर उतरवा आणि सगळी रक्कम तिकडे हलवा. जुनी वही मात्र जपून ठेवा.

धागाकर्ती

आहेत, शिल्लक दिसली. उद्या सकाळी वहिनीला घेऊन बसते.