विषय: विद्यार्थी गणपतीला का येत नाहीत?

प्रेषक: हेमंत, स्टॉकहोम (खजिनदार)

सर्वांना सप्रेम नमस्कार,

गणेशोत्सवाचा हिशेब सोबत जोडला आहे, कृपया नजरेखालून घालावा. विद्यार्थ्यांसाठी सवलतीचं तिकीट ठेवलं, मोदकही पोटभर होते, तरी उप्सालाहून जेमतेम दोघं-तिघं आली. दिवाळीचा कार्यक्रम ऑक्टोबरअखेरच्या रविवारी, दुपारी चारला ठरतो आहे. पोरांचं घोडं नेमकं कुठे अडतं ते कुणीतरी मोकळेपणाने लिहा.

हेमंत

---

प्रेषक: मुक्ता, उप्साला

हेमंतकाका, नमस्कार.

मोकळेपणाने लिहा म्हणालात, म्हणून लिहिते. राग मानू नका.

नवी मुलं ऑगस्टच्या शेवटी उतरतात आणि गणपती नेमके त्याच सुमारास येतात. तुमच्या फॉर्मवर पैसे भरायचा मार्ग एकच: स्विश, म्हणजे इथलं फोनवरून पैसे पाठवायचं अ‍ॅप. स्विशला बँकआयडी (बँकेकडून मिळणारी डिजिटल ओळख) लागतो, बँकआयडीला पर्सननुम्मर, म्हणजे इथला ओळख क्रमांक, आणि तो मिळायला आधी स्काटेवेर्केट या कर खात्यात नोंदणी करून वाट बघत बसायचं. तोही वर्षभर किंवा त्याहून जास्त राहणार असाल तरच. तोवर बँका खातं उघडायला आढेवेढे घेतात. दुकानात भारतातलं कार्ड चालतं, पण मंडळाचं तिकीट काढता येत नाही. माझ्या बरोबरीचे कितीजण त्या पानापर्यंत जाऊन परत फिरले! कुणाला फोन करून ‘काका, माझ्याकडे स्विश नाही’ सांगायचं तर संकोच वाटतो. आपण नवखे, तिकडे सगळे एकमेकांना ओळखणारे.

दिवाळीचं आणखी वेगळं. आमच्याकडे सहामाहीत सगळे विषय एकदम नसतात. एक-दोन विषय घ्यायचे, ते संपवायचे, परीक्षा द्यायची, मग पुढचे. सहामाहीचे ३० क्रेडिट असे तुकड्यातुकड्यांनी होतात. पहिला तुकडा संपतो ऑक्टोबरअखेर. म्हणजे तुम्ही फराळाची ताटं मांडता तेव्हा आम्ही वाचनालयात. परीक्षेला वेळेत नाव नोंदवलं नाही तर बसता येत नाही, आणि नापास झालं तर ओमटेंटा, म्हणजे फेरपरीक्षा, पुढच्या विषयाच्या डोक्यावर येऊन बसते. प्राध्यापकांना नावाने हाक मारता येते म्हणून परीक्षा सोपी असते असं नाही!

आणि रविवार. रविवारी कपडे धुवायचे असतात. हसू नका. इमारतीतल्या धुलाईघराची वेळ आधी धरून ठेवावी लागते आणि आठवड्यातल्या संध्याकाळच्या वेळा हां हां म्हणता जातात. आपल्या वेळेला अर्धा तास उशीर झाला की दुसरा यंत्र घेऊन मोकळा. कपडे काढायला उशीर केला तर दारावर चिठ्ठी, तीही अशी गोड भाषेत की दोन दिवस जिवाला लागावी.

मी फ्लोग्स्टाला, विद्यार्थ्यांच्या वसाहतीत राहते. डझनभर खोल्यांना मिळून एक स्वयंपाकघर, फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एकेक कप्पा, साफसफाईची पाळी आठवड्याची. (रात्री दहाला सगळे खिडक्या उघडून जिवाच्या आकांताने ओरडतात. ती इथली जुनी रीत आहे. पहिल्या रात्री मी दाराला खुर्ची लावली होती.) मुलं चांगली आहेत. एकाने तर त्याच्या पाळीच्या आठवड्यात माझा बिडाचा तवा तारेच्या घासणीने घासून घासून पांढरा करून ठेवला. इतका काळा तवा बघून त्याला माझी दया आली असावी. आता डोसा म्हणून सुटत नाही.

रोजचं जेवण म्हणजे डबा. बाहेर खाणं परवडत नाही, ‘नेशन’ म्हणजे विद्यार्थ्यांच्या मंडळांमधलं सूप सोडलं तर. विभागात मायक्रोवेव्हची रांगच रांग आणि त्यांच्यासमोर बारा वाजता डबेवाल्यांची रांग. सगळ्यांचा पास्ता, माझी मसूर डाळ, कारण लाल मसूर कुठल्याही दुकानात मिळते आणि तूरडाळीसाठी मुद्दाम आशियाई दुकान गाठावं लागतं. रोज मसूर खाऊन माणूस कशालाही तयार होतो, तुमच्या नाट्यछटांनासुद्धा.

हिवाळ्याबद्दल सगळे विचारतात, म्हणून एवढंच: थंडीचं काही नाही, कपडे असतात. नोव्हेंबर वाईट. बर्फ नीट नाही, उजेड नाही, आणि डिसेंबरात पावणेतीनलाच सूर्य मावळतो. सायकलला पुढे पांढरा, मागे लाल दिवा नसला तर दंड. सेल्सियस इथल्याच विद्यापीठातला. त्याने १७४२ साली मांडलेल्या मोजपट्टीत पाणी शून्याला उकळायचं आणि शंभराला गोठायचं, लोकांनी ती नंतर उलटी केली. उणे पंधरात सायकल हाणताना मला मूळचीच पटते: एकशे पंधरा!

तर मागणी एवढीच: नव्या मुलांना पैसे नंतर भरू द्या, आणि दिवाळी एक आठवडा पुढे ढकला.

मुक्ता

---

प्रेषक: हेमंत

चि. मुक्ता,

राग कसला. पण दुसरी बाजूही ऐक. सभागृहाला आणि जेवणाला माणसं आधी मोजून द्यावी लागतात. ‘येतो’ म्हणून न येणारे विद्यार्थीच जास्त, हेही त्याच हिशेबात दिसेल. रोख घ्यायची म्हटली तर ती बँकेत भरताना माझी वरात निघते. हातात नोटा घेऊन गेलेल्या माणसाकडे इथे संशयाने बघतात.

आम्ही शिकायला आलो तेव्हा फी नव्हती. २०११ पासून युरोपबाहेरच्यांना लागली. तुमच्या डोक्यावर कर्ज आहे हे आमच्या पिढीच्या लक्षात राहत नाही, हे खरं. पहिल्या सहामाहीतल्यांनी नुसती नावं कळवावीत, पैसे डिसेंबरपर्यंत कधीही. तारखेचं मात्र कठीण आहे, पुढच्या आठवड्यात सभागृह मोकळं नाही. परीक्षा संपलेल्यांसाठी उप्सालालाच एखादं फराळाचं घरगुती जमवता आलं तर बघा.

आणि चारचा कार्यक्रम साडेपाचला सुरू होतो, तेव्हा कपडे धुऊन आलात तरी चालेल.

हेमंत

---

प्रेषक: शुभदा, उप्साला

अगं मुक्ता, फराळाचं माझ्याकडे करू. परीक्षेनंतरचा शनिवार कळव. चकलीचा सोऱ्या आहे, पण भाजणी मला दळून मिळत नाही, तेव्हा तांदळाच्या पिठाच्या होतील. तोंड वाकडं करायचं नाही.

दुसरं, जूनमध्ये परत गेलेल्या मुलांची भांडी माझ्या तळघरातल्या खोलीत पडून आहेत: दोन कुकर, एक कढई, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा. ज्यांना हवी त्यांनी घेऊन जावीत. कुकर नेण्याआधी आपली शेगडी बघा. दोन्ही अल्युमिनियमचे आहेत, इंडक्शनवर चालणार नाहीत. लहान कुकरची रिंग गेली आहे. पुण्या-मुंबईहून कुणी येत असेल तर तीन लिटरची एक आणायला सांगा.

तवा घेऊन ये. चार दिवस तेल लावून तापवला की येईल ताळ्यावर.

शुभदा