मुंगीनंतर भुंगेऱ्याचं बघा
'हाइव्ह' हा दोघांचा खेळ: किड्यांच्या सोंगट्या एकमेकींना चिकटवत पोळं बनवायचं आणि समोरच्याची राणी चहूबाजूंनी घेरायची. त्यात मुंग्या आधी बाहेर काढेल तो जिंकतो, असं एकाने म्हटलंय. नवख्यांपुरतं ठीक आहे, पण मुंगी सरपटत जाते, तिला अरुंद फटीतून आत शिरता येत नाही. तिथे भुंगेरा लागतो. चालतो एकेकच घर, पण समोरच्याच्या राणीवर चढून बसला की राणी जागची हलत नाही. शिवाय त्या ढिगाचा रंग आता तुमचा धरतात. त्यामुळे एरवी आपल्याच रंगाला चिकटवावी लागणारी नवी सोंगटी थेट राणीशेजारी उतरवता येते, फक्त तिथे समोरच्याची दुसरी सोंगटी टेकलेली नको.

बाकी ट्रेनमध्ये बर्थवर मांडणार असाल तर खाली वर्तमानपत्र घालू नका, अख्खं पोळंच सरकतं.